गाईड : एका शब्दाची आणि जालन्याच्या वाटाड्यांची गोष्ट

१/
अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे रस्त्यावरचे गाव. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि अंबडमार्गे जालन्याकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. दक्षिणेला शहागड आणि गोदावरी, पुढे गेवराई, बीड. उत्तरेला पाचोड, पुढे छत्रपती संभाजीनगर. फाट्यावर नवखा माणूस क्षणभर थांबतोच. पूर्वी तो चहाच्या टपरीवर विचारत असे, आता हातातल्या मोबाईलला विचारतो. आजचा धागा याच क्षणाविषयी आहे: वाट कोण दाखवतो, आणि वाट दाखवणाऱ्याचे पुढे काय होते?

२/
निमित्त आहे एका इंग्रजी शब्दाचे, 'गाईड'. हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की त्याचे परकेपण जाणवतही नाही. दहावीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात गाईड असते. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर गाईड उभा असतो. पीएच.डी. करणारा आपल्या गाईडची सही मिळावी म्हणून हेलपाटे घालतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले स्काऊट होतात आणि मुली गाईड. एक पुस्तक, एक पोटार्थी माणूस, एक प्राध्यापक आणि एक शाळकरी मुलगी, या चौघांना एकच शब्द कसा पुरला?

३/
आधी शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजीत 'गाईड' आला फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये तो आला जुन्या जर्मानिक बोलीतील 'व'काराने सुरू होणाऱ्या एका धातूपासून, ज्याचा अर्थ होता दाखवणे, वाट सांगणे. जर्मानिक शब्दांतील आरंभीच्या 'व'चा फ्रेंच लोक 'ग' करीत. इंग्रजांचा 'विल्यम' फ्रेंचांचा 'गिय्योम' झाला तो याच नियमाने. आणि त्या 'व'च्याही मागे गेलो तर भाषाशास्त्रज्ञ आपल्याला ज्या मूळ धातूपाशी नेतात, त्याचा अर्थ आहे पाहणे आणि त्यावरून जाणणे. संस्कृतातील 'विद्' धातू त्याच घराण्यातला. म्हणजे 'वेद', 'विद्या', 'विद्वान' आणि 'गाईड' हे दूरचे भाऊबंद ठरतात.

४/
हा योगायोग नुसता गमतीचा नाही. 'गाईड'च्या मुळाशी चालणे नाही, पाहणे आहे. ज्याने पाहिले आहे तोच दाखवू शकतो. वाट दाखवणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलेली भूमी. हा अर्थ लक्षात ठेवा, कारण आपल्याच जिल्ह्यातील एका लढाईत तो फार निराळ्या रीतीने खरा ठरणार आहे.

५/
मराठीचे या बाबतीतले शब्द पाहा. 'वाट' हा संस्कृत 'वर्त्मन्' वरून आला. मुळात 'वृत्', म्हणजे फिरणे, वळणे. गाड्यांची चाके आणि माणसांची पावले फिरून फिरून जी उमटते ती वाट. 'मार्ग'चे नाते 'मृग्' या धातूशी, म्हणजे शोधणे, माग काढणे. म्हणून वाट पडते आणि मार्ग शोधावा लागतो. कोणाची प्रतीक्षा करतानाही मराठी माणूस 'वाट पाहतो'. इथेही पुन्हा पाहणेच आले. आणि वाट माहीत असून ती दुसऱ्याला दाखवणारा तो वाटाड्या. 'मार्गदर्शक' हा ग्रंथातला शब्द. पायात काटे मोडून घेणारा शब्द 'वाटाड्या'च.

६/
आता जालन्याचा पहिला वाटाड्या. साल १६७९, महिना नोव्हेंबर. दिलेरखानाने आदिलशाही मुलखावर चाल केली होती. त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराज मोगली मुलखात घुसले आणि त्यांनी जालना गाठले. जालना ही तेव्हा श्रीमंत बाजारपेठ. शहर लुटून फौज परत निघाली, ती लुटीच्या ओझ्याने जड झालेली होती. संगमनेरच्या परिसरात मोगली सरदार रणमस्तखानाने तिला गाठले. तुंबळ लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले. मागून आणखी मोगली कुमक येत होती.

७/
या वेळी पुढे झाला बहिर्जी नाईक. त्याने आडवाटांनी फौज बाहेर काढली आणि महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवले. महाराजांनी तेथे विश्रांती घेतली म्हणून पट्टा किल्ल्याला 'विश्रामगड' नाव पडले. ही हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या मृत्यूनंतर दोन दशकांच्या आत लिहिलेल्या बखरीत नोंदवली आहे. त्या बखरीत मोठमोठ्या सरदारांच्या पंक्तीत एका जासुदाचे नाव आले, आणि ते लढाई जिंकल्याबद्दल नव्हे, वाट ठाऊक असल्याबद्दल आले. बहिर्जीने तो मुलूख आधी पाहिला होता. त्या दिवशी स्वराज्याचा राजा त्या पाहिलेल्या वाटेवर विसंबला.

८/
आता १२४ वर्षे पुढे या. १८०३, दुसरे इंग्रज–मराठा युद्ध. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे). दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन नेपोलियनचा पराभव करणार होता. मराठी फौजा हैदराबादच्या रोखाने जातील या भीतीने वेलस्लीने गोदाकाठाने पूर्वेकडे कूच केले. सप्टेंबरच्या आरंभी त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने जालना घेतले. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. बेत असा ठरला की दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा.

९/
तेव्हा वेलस्लीच्या हाती आजच्यासारखे नकाशे नव्हते. त्याचे डोळे म्हणजे हरकारे. 'हरकारा' फारसी शब्द. हर काम करणारा तो हरकारा. निरोप नेणे, बातमी आणणे आणि वाट दाखवणे, तिन्ही कामे त्याचीच. हरकाऱ्यांनी बातमी आणली: शत्रू भोकरदनला आहे. वेलस्लीने हिशेब केला की २३ तारखेला नळणीला मुक्काम केला तर शत्रू बारा-चौदा मैलांवर राहील. २३ च्या सकाळी नळणीजवळ पोहोचल्यावर कळले की शत्रूची छावणी अवघ्या सहा मैलांवर आहे!

१०/
हरकारे खोटे बोलले होते काय? नाही. भोकरदन हे गावाचे नाव होते, तसेच ते परगण्याचेही नाव होते. मराठ्यांची छावणी इतकी लांबरुंद पसरली होती की तिचे एक टोक भोकरदनला होते आणि दुसरे असईजवळ. हरकाऱ्याने सांगितले ते खरेच होते, पण ऐकणाऱ्याने गाव ऐकले. आज कोणी 'मी जालन्याचा' म्हणाला तर तो शहराचा की जिल्ह्याचा, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. वेलस्लीने तो विचारला नाही. पुढे त्याने पत्रात या चुकीचे कारण स्वतःच लिहून ठेवले.

११/
स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने लढायचे ठरवले. समोर केळणा नदी. तिच्या पलीकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत मराठी फौज उभी. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे. शंभराच्या आसपास तोफा. समोरून नदी उतरणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वेलस्लीला हवा होता बाजूचा एखादा उतार. त्याने वाटाड्यांना विचारले. वाटाड्यांनी सांगितले की दुसरा उतार नाही.

१२/
वेलस्लीने दुर्बीण लावली. त्याला नदीच्या अल्याड एक आणि पल्याड एक अशी दोन गावे समोरासमोर दिसली. इंग्रजी कागदांत ती पीपलगाव आणि वारूर म्हणून येतात, म्हणजे आपली पिंपळगाव आणि वरूड. त्याने मनाशी विचार केला: दोन गावे इतकी जवळ, मध्ये नदी, आणि एकमेकांकडे जाण्याची सोयच नाही, असे माणसे कधी वसतील काय? त्याने अधिकारी पाठवून खात्री केली. उतार होता. फौज तेथून पार झाली. उतारवयात हा प्रसंग तो स्वतः सांगत असे.

१३/
येथे 'गाईड'चे मूळ आठवा: पाहणे. हा प्रसंग सेनापतीच्या बुद्धीचा दाखला म्हणून पुस्तकांत सांगितला जातो आणि ते रास्तही आहे. पण त्या दिवशी वेलस्लीला वाट कोणी दाखवली? पिंपळगावच्या सासुरवाशिणींनी, वरूडला बैल विकायला नेणाऱ्या शेतकऱ्याने, पलीकडच्या देवाच्या जत्रेला जाणाऱ्या पोरांनी. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी तो उतार रुळला होता. दोन्ही गावे स्वतःच वाटाडे झाली, आपल्याला कोणी विचारते आहे हे ठाऊक नसताना. वेलस्लीने एवढेच केले की ती खूण वाचली.

१४/
त्याच दिवशी वाट चुकण्याचा आणखी एक प्रसंग घडला. नदी उतरलेली फौज पाहून पोलमनने आपली फळी चपळाईने वळवली. इंग्रजांच्या उजव्या बाजूला कर्नल ऑरॉक याच्याकडे आघाडीच्या तुकड्या होत्या. मागच्यांनी त्याला पाहून चालायचे. तो ठरलेली दिशा सोडून थेट असई गावाकडे सरकला, जेथे तोफा सर्वांत दाट होत्या. त्याच्यामागून ७४वी स्कॉटिश पलटण गेली आणि तिची दाणादाण उडाली. दिवसअखेर विजय इंग्रजांचा झाला, पण त्यांचे मृत आणि जखमी मिळून दीड हजारांहून अधिक माणसे पडली. लढाईत प्रत्यक्ष उतरलेल्यांच्या मानाने हा आकडा भयंकर होता.

१५/
आता दोन चुका शेजारी ठेवून पाहा. वाटाड्यांनी उतार नाही म्हटले. त्याने कोणाचा जीव गेला नाही. ऑरॉक भलत्या दिशेने गेला. त्याने शेकडो जीव गेले. ऑरॉकबद्दल वेलस्लीने पत्रात लिहिले की चुकीच्या परिणामांचे दुःख आहे, परंतु त्या अधिकाऱ्याला दोष देण्याची इच्छा नाही, इतक्या प्रखर माऱ्यात तो शिरला होता. ही उदारता होती आणि ती वेलस्लीला शोभते. पण वाटाड्यांच्या वाट्याला ना नाव आले, ना खुलासा. ते कोणत्या गावचे, त्यांना कोणी आणले, परक्या फौजेपुढे उभे राहून उत्तर देताना त्यांच्या मनात काय होते, हे त्या कथेत कोणी विचारलेच नाही. ते तेथे एकाच कामासाठी येतात: चुकण्यासाठी.

१६/
लढाईनंतर इंग्रजांच्या जखमींना अजिंठ्याला हलवले. सोळा वर्षांनी, २८ एप्रिल १८१९ रोजी, त्याच अजिंठ्याच्या रानात शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दरीपलीकडे लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. ती आजही आहे. स्थानिक परंपरा सांगते की त्याला लेण्यांपर्यंत नेले ते एका गुराखी पोराने. स्मिथला 'शोध लावणारा' म्हणतात. ज्याची गुरे त्या दरीत रोज चरत होती, त्याचे नाव खांबावर नाही.

१७/
हे केवळ परक्यांनी केले असे म्हणून सुटका नाही. आपल्या गावगाड्यात वाट दाखवणे हे कोणाचे काम होते? महारांचे. वेशीची राखण करणारा वेसकर आणि पांथस्थांच्या, अंमलदारांच्या दिमतीला धावणारा तराळ हे दोघेही महार समाजातले. कोणी अधिकारी आला की त्याचे ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे, तेथे त्या गावचा महार पुढे नेणार. शिवेचा तंटा झाला तर साक्षही त्याचीच, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. ज्याला गावकुसाच्या आत राहू दिले नाही, त्याच्याच पायाखाली सारे गाव होते.

१८/
हे काम हक्काचे म्हणवले जाई, पण त्याचा मोबदला तुटपुंजा आणि वेळ-अवेळ कसलीच नाही. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मचरित्राचे नाव 'तराळ-अंतराळ' ठेवले, तेव्हा त्या एका शब्दात केवढा इतिहास होता हे आता ध्यानात येईल.

१९/
दरम्यान राज्यकर्त्यांना वाटाड्यावर विसंबणे नको होते. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली, म्हणजे असईच्या आदल्याच वर्षी, मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. मोजत मोजत उत्तरेकडे येताना १८२३ साली तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. अचूक नकाशा म्हणजे कागदावर उतरवलेला वाटाड्या: तो चुकत नाही, घाबरत नाही, मजुरी मागत नाही. पण गावांची नावे त्या नकाशातही शेवटी कोणा गावकऱ्याला विचारूनच लिहावी लागली.

२०/
याच शतकात 'गाईड' शब्दाला मान मिळाला तो लष्करात. १८४६ साली हॅरी लम्सडेनने पेशावरला 'कॉर्प्स ऑफ गाईड्स' उभारली. स्थानिक भूमी, भाषा आणि वाटा जाणणारे शिपाई, आणि धुळीत मिसळून जाणारा खाकी पोशाख ही तिची ओळख. १९१० साली बेडन-पॉवेलने मुलींची संघटना काढली तेव्हा तिला 'गाईड्स' हे नाव याच पलटणीवरून दिले. म्हणजे आपल्या शाळेतील गाईडची मुलगी जे नाव मिरवते, ते इंग्लंडला जाऊन परत आलेले वायव्य सरहद्दीचे नाव आहे. एकाच शब्दाचा मान आणि अवमान किती जवळ असतो पाहा: गणवेश चढला की 'गाईड', डोक्यावर ओझे आले की 'तराळ'.

२१/
मग शब्द पुस्तकात शिरला. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने प्रवाशांसाठी हातपुस्तके काढली. १८५९ साली त्यांत मुंबई व मद्रास इलाख्यांचा समावेश झाला. गोऱ्या प्रवाशाच्या हाती पुस्तक आले आणि सोबतच्या माणसाचे बोलणे त्या पुस्तकाशी ताडून पाहिले जाऊ लागले. आपल्याकडे गाईड म्हणजे पाठ्यपुस्तकाची तयार उत्तरे. बिचाऱ्या विद्यार्थ्याला हसण्याचे कारण नाही. पेपर जवळ आला की आपण सगळेच उतार शोधतो. फरक इतकाच की वाटाड्या तुमच्यासोबत चालतो आणि उत्तरांचे गाईड तुम्हाला चालवल्यावाचून मुक्कामी नेऊन ठेवते. परत यायची वेळ आली की वाट आठवत नाही.

२२/
आर. के. नारायण यांच्या १९५८ च्या 'द गाईड' कादंबरीचा नायक राजू हाच पेच जगतो. १९६५ साली विजय आनंद यांनी त्यावर चित्रपट केला, देव आनंद त्यात राजू झाले. पर्यटकांना मनास येईल ते सांगणारा राजू शेवटी अशा गावात पोहोचतो जेथे लोक त्याला साधू मानून वाट विचारतात, आणि आता त्याला खोटे सांगता येत नाही. वाट दाखवणे ही जबाबदारी आहे, हे त्याला कळते ते लोकांनी विश्वास टाकल्यावर.

२३/
आता पुन्हा वडीगोद्रीच्या फाट्यावर या. मोबाईल सांगतो, 'उजवीकडे वळा', आणि आपण वळतो. या आवाजाने कोणाच्याही डोक्यावर ओझे दिले नाही, हे त्याचे खरेच उपकार आहेत. तराळाची धावपळ संपली याचे दुःख कोणी करू नये. पण त्या धावपळीबरोबर जे ज्ञान चालत होते ते त्याच्याबरोबर जाऊ देऊ नये: कोणता ओढा पावसाळ्यात कुठे उतरता येतो, कोणत्या बांधावरून शेजारच्या गावची पायवाट जाते, कोणत्या शिवेचा दगड कुठे होता.

२४/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या तुम्हा मित्रांना एक काम. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला तीन प्रश्न विचारा. एक: पूल होण्याआधी आपली नदी कुठून उतरत असत, आणि त्या उताराला काय म्हणत? दोन: अनोळखी पाहुण्याला पुढच्या गावापर्यंत कोण पोहोचवत असे? तीन: त्याचे नाव काय? पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा पटकन मिळतील. तिसऱ्याला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा आणि मिळालेले नाव लिहून ठेवा. बहिर्जीचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते सभासदाने लिहून ठेवले म्हणून. केळणेच्या काठावरच्या त्या वाटाड्यांना असा सभासद मिळाला नाही.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या उताराचे नाव खाली अवश्य लिहा.